ईशान्येचा ठिपका

ठिपका मी लगेच ओळखला. तिने कागद माझ्या टेबलावर ठेवला, नेमका जिथे मी चष्मा काढून ठेवते तिथे, आणि ती काही बोलायच्या आतच माझी नजर वरच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली. म्हणजे ईशान्येला. आकाशाच्या चित्रात पूर्व डावीकडे असते, जमिनीच्या नकाशाच्या उलट. नव्या माणसाला हे अंगवळणी पडायला वर्ष लागतं, मला आता जमिनीचाच नकाशा उलटा वाटतो. मधोमध दीर्घिकेचा लखलखीत गाभा, त्यातून दोन बाजूंना निघालेले दोन लांब झोत, आणि वरच्या झोताच्या टोकाशी, जरासा बाजूला, एक फिकट ठिपका. मसुरीच्या दाण्याएवढा. बावीस वर्षांनी भेटला. भाजी निवडताना शेजारी कुणीतरी येऊन उभं राहावं आणि वर बघावं तर जिला आपण वर्षानुवर्षं तोंड चुकवतोय तीच बाई असावी, तसं झालं माझं. कागद सरळच होता, तरी मी तो सरळ केला आणि म्हटलं, "छान आलंय चित्र."

"मॅडम, हे तुमच्याच जुन्या निरीक्षणांतून काढलंय," ती म्हणाली. ती म्हणजे आमच्या संस्थेतली नवी शास्त्रज्ञ. येऊन तिला दोन वर्षं झाली, तरी सगळे तिला नवीच म्हणतात. आमच्याकडे माणूस नवा असतो नाहीतर निवृत्त, मधलं काही नसतं. "नवीन निरीक्षण एकही नाही. फक्त चौकटी आखल्या नाहीत, नव्या पद्धतीत संगणक स्वतःच शोधतो." फक्त म्हणे. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, पोर सरळ आहे, पण ज्या कामाची मी उभ्या आयुष्यात भाकरी खाल्ली त्याला कुणी 'फक्त' म्हटलं की आतून काहीतरी हलतंच. मी शास्त्रज्ञ नाही. चोविसाव्या वर्षी इथे टायपिंगला लागले आणि सरांनी, म्हणजे संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, मला उचलून पडद्यासमोर बसवलं. आमची रेडिओ दुर्बीण म्हणजे माळावर पसरलेल्या एकवीस तबकड्या. त्यांच्यातून चित्र येत नाही, आकडे येतात, आणि आकड्यांतून गणिताने जे पहिलं चित्र निघतं ते महाघाणेरडं असतं. जिथे काही फार तेजस्वी असेल तिथे त्याच्या आजूबाजूला गणित खोटे ठिपके सांडून ठेवतं. त्यांना आम्ही भुतं म्हणतो. मग कुणीतरी पडद्यावर चौकटी आखायच्या: खरा प्रकाश इथे आहे, इथे आहे आणि इथे. संगणक चौकटीच्या आत शोधतो आणि बाहेरचं सगळं घाण म्हणून पुसून टाकतो. ते कुणीतरी म्हणजे मी. बत्तीस वर्षं. बाईंनी साफ केलेलं चित्र डोळे मिटून घ्यावं, असं दुसऱ्या संस्थांतले लोकसुद्धा म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला फार आवडायचं.

तिने खुर्ची ओढली आणि सांगायला लागली, मला अगदी पहिल्यापासून, जणू मी रस्त्यावरून आत आलेय. मी ऐकून घेतलं. दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर असतं, कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं. त्याच्याकडे जे ओढलं जातं त्यातलं सगळंच आत जात नाही. काही तोंडापाशीच परत भिरकावलं जातं आणि त्याचे हे झोत होतात. झोत आजूबाजूचा वायू तापवत जातो. वायू थंड झाल्याशिवाय त्याचा तारा होत नाही, म्हणून झोताच्या भोवती तारे जन्माला येत नाहीत. इथपर्यंत सगळं सरांचंच. ह्या दीर्घिकेवरच त्यांनी ते दाखवलं होतं, माझ्याच चित्रावरून, आणि त्या चित्राने त्यांचं नाव जगभर झालं. "पण हा ठिपका आहे ना," ती म्हणाली, "हा थंड वायूचा गोळा आहे. मी तिथे दुसऱ्या दुर्बिणीने पाहिलं. मॅडम, तिथे तारे आहेत. नुकते जन्मलेले, निळे. झोत तिथे पोचेपर्यंत जरा मवाळ झालाय, आणि त्याने तिथला वायू तापवला नाही, दाबला. दाबून एकत्र आणला." झाडूने ढकललेला कचरा कोपऱ्यात गोळा होतो तसा, मी मनात म्हटलं. म्हणजे ज्याने तोंडाशी सगळं मारून टाकलं त्यानेच लांब जाऊन पाळणे हलवले. ती बोलता बोलता थांबली, कागदाच्या कडेशी चाळा करत राहिली आणि मग मुद्द्यावर आली. तिचा लेख आज पाच वाजता पाठवायचा होता. एकच वाक्य अडलं होतं: मूळ चित्रात हा ठिपका का नव्हता? तिने लिहून ठेवलं होतं, कारण ज्ञात नाही. "तुम्हाला काही आठवतं का? नसेल तर असू दे, मी तसंच ठेवते."

बघते, म्हटलं. ती गेली आणि मी दार लोटून घेतलं, तेही असं की लोटलेलं वाटू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. 'कारण ज्ञात नाही' हे केवढं सोयीचं वाक्य होतं, माझ्यासाठी गादी अंथरून ठेवल्यासारखं. खिडकीबाहेर गाड्या लावायच्या जागेत एक माणूस ओल्या फडक्याने गाडीची काच पुसत होता, त्याच त्याच जागी, आणि मला त्याचा उगाचच राग आला. कारण ज्ञात होतं. निदान माझ्यापाशी त्या कारणाची एक आवृत्ती तयार होती, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली. ती अशी: मी ठिपका पाहिला, सरांकडे नेला, सर म्हणाले भूत आहे, काढून टाका, मी काढून टाकला. हीच आवृत्ती मी ताईलाही कधीतरी सांगितली होती. ताई माझी मोठी बहीण. सर म्हणजे तिच्या डोळ्यात सलणारं कुसळ. "तुझ्या त्या सरांनी तुझं आयुष्य खाल्लं," हे तिचं दर भेटीतलं वाक्य. बाहेरून परीक्षा देऊन पदवी घ्यायची राहिली, लग्नाचं पुढे ढकलता ढकलता राहिलंच, सगळ्याचं खापर ती सरांच्या डोक्यावर फोडते. मी वरवर भांडते, पण कुणीतरी आपल्या वतीने रागावतंय ह्यात एक ऊब असते आणि ती मी पुष्कळ वर्षं घेतली.

कपाटात खालच्या फळीवर माझ्या वह्या आहेत. रोजच्या कामाची नोंद, पेन्सिलीने, बारीक अक्षरात. ती वही शोधायची गरज नव्हती. मी ती कधीच मागे सरकू दिली नव्हती. पान उघडलं. 'ईशान्येला ठिपका, फिकट.' नऊ दिवसांनंतरच्या पानावर: 'दुसरं निरीक्षण, तबकड्या हलवून. ठिपका तिथेच.' ह्या 'तिथेच'ला काय अर्थ आहे हे आमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळेल. तबकड्यांच्या जागा बदलल्या की भुतांच्याही जागा बदलतात. जे खरं असतं ते हलत नाही. खाली पुढची ओळ: 'चौकट चार, घट्ट.' आणि मग पान कोरं. मी जे काही सरांना दाखवायची त्यापुढे दोन अक्षरं लिहायची, स. दा., सरांना दाखवलं. सर निवृत्त होईपर्यंत न चुकता लिहिली, त्यांच्या चहाच्या डागासकट. ह्या ठिपक्यापुढे ती नव्हती. मी पान उलटलं, मागचं बघितलं, पुढचं बघितलं. दाखवलं नव्हतंच. ते कधी मला भूत म्हणालेच नव्हते. तो सगळा प्रसंग, त्यांचं मान हलवणं, माझं कागद गोळा करून निघणं, मी घरी बसून रचला होता.

मग खरं काय झालं होतं, तर हसणं झालं होतं. त्याच्या दोनच आठवडे आधी सोमवारच्या बैठकीत मी एका दुसऱ्या चित्रातला ठिपका घेऊन उभी राहिले. त्या महिन्यातली ती तिसरी वेळ; आधीचे दोन्ही भुतं निघाले होते. तिसराही निघाला. सरांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाईंना भुतं दिसायला लागलीत. पाणी आणा कुणीतरी." खोली हसली. सरही हसले, आणि मीही हसले, सगळ्यांत जास्त मीच, दात दिसतील असं. त्यात वाईट काही नव्हतं हो. ते असे रोज कुणाची ना कुणाची टोपी उडवायचे आणि दुपारी त्याच माणसाला बोलावून स्वतःच्या डब्यातलं खायला द्यायचे. पण मी टायपिंगमधून आलेली बाई होते. त्या खोलीत ज्या बावीस जणांना हसायचा हक्क होता त्यांच्याकडे पदव्या होत्या. माझ्याकडे फक्त नजर होती, आणि तिच्यावरच सगळे हसले. पुढचे कित्येक महिने मला मागून भूतबाई म्हणत. त्या सोमवारी मी कानाला खडा लावला. पुन्हा त्या खोलीत फिकट ठिपका घेऊन उभं राहायचं नाही. आणि दोन आठवड्यांनी तो आला, ईशान्येला, आणि नऊ दिवसांनी पुन्हा आला, तिथेच. मी त्याच्याकडे किती वेळ बघत बसले होते ते मला आज लख्ख आठवलं. पडद्याच्या काचेला बोटही लावलं होतं. मग मी चौकट आखली, झोताला अगदी लागून, ठिपका बाहेर ठेवून, आणि बटण दाबलं. सरांचं मोठं व्याख्यान आठवड्यावर आलं होतं, चित्र सुरेख निघालं, आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की असं स्वच्छ चित्र त्यांनी जन्मात पाहिलं नाही.

सरांच्या घराकडे जाणाऱ्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली आणि वही, तिच्यात तो कागद, मांडीवर धरून मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत राहिले. काय करायला निघालेय मी? खाजवून खरूज काढायला. 'कारण ज्ञात नाही' ह्यात कुणाचं काय बिघडलं होतं? नवीचा शोध नवीलाच मिळत होता. सर एक्याऐंशीचे, फुप्फुसं थकलेली, घरात नळी लावून बसलेले. त्यांना ह्या वयात जाऊन सांगायचं की तुम्ही आयुष्यभर जे उभं केलंत त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात मी जाणूनबुजून भोक बुजवून ठेवलं होतं? पण न सांगता लिहून दिलं तर ते त्यांना छापलेलं वाचावं लागणार, परक्यासारखं. आणि न लिहून दिलं तर... तर काय, हे मला धड सांगता येत नव्हतं. एवढंच कळत होतं की बावीस वर्षं मी एका माणसावर असा आळ घेतलाय जो त्याला माहीतही नाही. बहिणीकडून त्याला शिव्या घालून घेतल्यात. तो माणूस मला दर वर्षी विचारायचा, बाई, काही नवीन दिसलं का, आणि मी खाली बघून म्हणायची, नाही सर. शेजारच्या बाईच्या पिशवीतून नव्या चपलांचा वास येत होता. दोन थांबे आधीच उतरावं आणि परत फिरावं असं वाटलं, पण उतरायला उठून वाट करून घेणं जिवावर आलं, आणि बसूनच राहिले.

दार वहिनींनी उघडलं. सरांच्या पत्नीला मी पहिल्यापासून वहिनीच म्हणते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे आणि मग वहीकडे बघितलं. "आज बरं आहे त्यांना," त्या हळू म्हणाल्या, "पण डॉक्टरांनी जास्त बोलू नका सांगितलंय. त्रास होईल असं काही नाही ना?" मी म्हटलं, आहे वहिनी. त्या क्षणभर दारातच उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "मग चहा नंतरच टाकते."

सर खिडकीपाशी आरामखुर्चीत होते, पायांवर पांघरूण, नाकाला नळी. केवढा माणूस, आणि केवढासा झालेला. मी समोरच्या स्टुलावर बसले, कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि आधी ठरवलेलं सगळं विसरून एका दमात बोलले. हा ठिपका खरा आहे. तिथे तारे जन्माला येतात. तुमच्या चित्रात तो नव्हता कारण मी तो काढला. मला तेव्हाच माहीत होतं, दोनदा पाहिला होता, तबकड्या हलवल्या तरी तिथेच होता. तुम्हाला दाखवला नाही. सरांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. मी त्यांच्या कपाळाकडे बघत राहिले. तिथली शीर चढली की काय व्हायचं हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं.

"गाभ्यापासून किती लांब?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"एवढ्या लांब," ते म्हणाले. "म्हणजे झोत तिथे... मंदावला असणार." श्वास घेतला. "आणि वायू आधीच तिथे असणार. थंड. वाट बघत बसलेला." पुन्हा श्वास. "वजन किती निघालं गोळ्याचं? वेग मोजला का? ह्या बाजूला असा एक असेल तर त्या बाजूच्या झोतालाही कुठेतरी... ते कोण बघतंय? कुणीतरी बघतंय ना?" ते सरळ बसायला लागले, पांघरूण खाली गेलं, नळी ताणली गेली, आणि मी उठून त्यांना मागे टेकवलं. त्यांचे डोळे मी असे कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. राग कुठेच नव्हता. मी शोधला, अगदी खरं सांगते, कारण राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना आपली चूक निघाल्याचं सुचलंसुद्धा नव्हतं. माणसाला खूप दिवसांनी भूक लागावी तसे ते त्या कागदावर तुटून पडले होते. आणि मला कळलं की ठिपका दुसऱ्यांदा तिथेच दिसला त्या दिवशी मी तो घेऊन गेले असते, तर तेव्हाही हेच झालं असतं. अगदी हेच. मी ज्याला घाबरले होते तो सर तिथे नव्हताच.

मग ते मागे टेकले. कागद छातीवर ठेवला. "का नाही दाखवलंत, बाई?"

मी हसण्याचं सांगितलं. सोमवार, तिसरा ठिपका, पाणी आणा कुणीतरी. ते आठवण्याचा प्रयत्न करत होते, भुवया गोळा करून, आणि त्यांना आठवत नव्हतं. "मी असं म्हणालो?" म्हणालात. "आणि तुम्ही?" मीही हसले, सर. दारात वहिनी येऊन उभ्या होत्या, पदराला हात पुसत, आत न येता. "एकोणसाठ वर्षांचा होतो मी तेव्हा," सर म्हणाले. "तेव्हा सांगितलं असतंत तर... मला ह्याच्यावर वीस वर्षं काम करता आलं असतं." आवाजात तक्रार नव्हती. हिशेब मांडावा तसं म्हणाले, आणि लगेच माझ्या हातावर हात ठेवला, थंड, हलका. "आणि मी हसलो नसतो तर तुम्ही सांगितलं असतंत. म्हणजे दोघांनी मिळून घालवली." मी रडले. सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांच्या समोर स्टुलावर बसून, नाक पुसायला रुमालही जवळ नव्हता. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "ती मुलगी कुठे आहे?"

संस्थेत आहे, मी म्हटलं. लेख आज पाच वाजता पाठवतेय. उद्या घेऊन येते तिला.

"उद्या नको," सर म्हणाले. त्यांनी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी मान वळवली. "आज बोलवा."

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. साडेतीन वाजले होते. तिने पहिल्याच घंटेला उचलला. "ते वाक्य बदल," मी म्हटलं. "असं लिही: मूळ चित्र तयार करणाऱ्या बाईंनी हा ठिपका दोन्ही निरीक्षणांत पाहिला होता. तो खरा आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो मुद्दाम चौकटीबाहेर ठेवला."

पलीकडे टायपिंगचा आवाज सुरू झाला आणि मध्येच थांबला. "मॅडम, 'मुद्दाम' ठेवू? नाही ठेवला तरी चालेल. लोक काहीबाही बोलतील."

"ठेव. बोलू देत. आणि खाली माझं नाव घाल, पूर्ण." मला वाटलं होतं की हे म्हणताना काहीतरी सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. आत सर वहिनींना जुन्या फायली कुठे ठेवल्यात ते विचारत होते, वरच्या फळीवरची निळी, नाही, तिच्याखालची, आणि प्रत्येक शब्दामागे दम लागत होता. "लेख पाठव आणि लगेच निघ," मी तिला म्हटलं. "सरांकडे यायचंय. सगळी चित्रं घेऊन ये, दुसऱ्या झोताचीसुद्धा."

ती घाबरली. "सर फार रागावलेत का?"

मी खिडकीतून आत पाहिलं. त्यांनी पेन्सिल मागून घेतली होती. कागदावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, दुसऱ्या झोताच्या टोकाशी ते काहीतरी शोधत होते.

"नाही गं," मी म्हटलं. "पण लवकर ये."